एका कांडीचं गाणं

सोलापुरात अजून टीव्ही दिसत नाही. त्यामुळे मी टीव्हीसाठी मुलांची गाणी लिहिते असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग आमच्या छपरावर. छपरावर काही नाही. मी लिहिलेल्या गाण्यांपैकी फार थोडी मी स्वतः पाहिली आहेत. डबा करून परगावी पाठवायचा आणि जेवणाऱ्यानं चार दिवसांनी पोस्टकार्ड टाकायचं, 'मीठ कमी होतं.' असा हा उद्योग आहे.

माझी खरी नोकरी शाळेतली. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पहिली-दुसरीला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कानडी, काही दखनी, आणि शाळेत येऊन मराठी. अशा वर्गाला नुसत्या बोलण्यानं बसवता येत नाही. गाणं म्हटलं की बसतात. मला गळा बरा आहे, पेटी थोडी येते आणि यमकाला मी घाबरत नाही. एवढंच माझं भांडवल.

मुंबईच्या टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करणारे एक निर्माते एका लग्नासाठी इकडे आले होते. आमच्या हेडबाईंनी त्यांना बक्षीस समारंभाला धरून आणलं. माझ्या मुलांची गाणी त्यांनी ऐकली आणि जाताना म्हणाले, "बाई, मला गाणी पाठवाल का? चाल स्वरांत लिहून." त्यांच्या गळ्यात नेहमी स्टॉपवॉच असे, दुसऱ्या एखाद्याच्या गळ्यात ताईत असावा तसं. मी मनातल्या मनात त्यांना घड्याळसाहेब म्हणायची. इथंही तेच नाव ठेवते.

लोकांना वाटतं, मुलांच्या कार्यक्रमात गाणं हे शोभेला असतं. तसं नसतं. गाण्याला कामं असतात. घरी बसलेलं मूल गोष्ट ऐकताना दहा मिनिटं गप्प बसतं, त्याला उठून हातपाय हलवायला गाणं लागतं. दुसरं काम पडद्याचं. गोष्ट सांगणारे आजोबा उठून जातात, बाहुलीवाला टेबलाखाली जाऊन बसतो, हातात माकड चढवतो, आणि तेवढा वेळ कॅमेरा गाणाऱ्या मुलांवर असतो. तिसरं काम कुणी बोलून दाखवत नाही. कार्यक्रमाला वेळ कमी पडला तर कापायला गाणं असतं. आजोबांना गोष्टीच्या मध्यावर गप्प करता येत नाही, माकडाला अर्धं बोलवून आत घेता येत नाही. गाण्याचं कडवं काढलं तर कुणाला कळत नाही. निदान तसा समज आहे.

मला हे सगळं ठेचा खाऊन कळलं. माझं पहिलं गाणं आगगाडीचं होतं. सोलापूरहून निघालेली गाडी मी मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर अशी एकेक स्टेशन घेत मुंबईला नेली. स्टेशनं वर्गातल्या मुलांनीच पुरवली होती, एकही गाळू देत नव्हती. साहेबांचं कार्ड आलं : 'आपली गाडी फार स्टेशनं घेते. प्रेक्षक दौंडला उतरून जातील.' मी चिडले आणि पुढचं गाणं मुद्दाम आखूड केलं. अंघोळीचं होतं. तांब्या ओतला, साबण लावला, झालं. ते इतकं लवकर संपलं की माकडवाल्याचा हात अजून माकडात गेलेला नव्हता. पडद्यावर नुसतं टेबल, आणि कार्यक्रम सांगणारी मुलगी हसत उभी. साहेबांनी कळवलं : 'पडदा आखूड पडला. दोन मिनिटं हवीत. वर एक सेकंद नको, खाली पाच चालतील.'

दोन मिनिटं हे माप खरंच चांगलं आहे. पहिल्यांदा ध्रुवपद आलं की मूल ऐकतं, दुसऱ्यांदा ओठ हलवतं, तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणतं, चौथ्यांदा खिडकीबाहेर बघतं. मी वर्गात उभी राहून हे पुष्कळदा पाहिलंय. पण मोजायचं कशावर? शाळेच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. आमच्या ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला होता, पण ते मनगट दिवसभर गिरणीच्या ऑफिसात असायचं.

मार्ग सापडला तो नरसव्वाच्या ओट्यावर. नरसव्वा म्हणजे माझ्या वर्गातल्या भूदेवीची आई. भूदेवी चार दिवस शाळेत आली नव्हती म्हणून मी घरी गेले. आत नवऱ्याचा माग चालू होता, बाहेर ओट्यावर नरसव्वा कांड्या भरत होती. कांडी म्हणजे बोटभर लांबीची नळी. लडीचं सूत रहाटावरून तिच्यावर गुंडाळायचं, ती धोट्यात घालायची आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळत राहतो. मागाला कांड्या सारख्या लागतात, आणि त्या बहुतेक घरची बाईच भरते. नरसव्वा रहाट फिरवता फिरवता तेलुगूत काहीतरी गात होती. कांडी भरली, गाणं थांबलं. नवी कांडी लावली, गाणं पहिल्यापासून सुरू.

मी विचारलं, "गाणं संपतं तेव्हाच कांडी कशी भरते हो?"

"गाणं कशाला संपतंय? कांडी भरली की मी थांबती," ती म्हणाली. "तुमी बाई लोक उलटंच बघता सगळं."

पुढच्या रविवारी ह्यांचं घड्याळ मागून घेऊन मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तीन कांड्या मोजल्या. तिन्ही दोन मिनिटांच्या आसपास, दोन-चार सेकंद इकडे तिकडे. बाईचा हात असा की यंत्रानं लाजावं. तेव्हापासून नवं गाणं झालं की मी कागद घेऊन तिच्याकडे जायची. तिनं रहाट फिरवायचा, मी गायचं. कांडी आधी भरली तर गाणं लांबलं, गाणं आधी संपलं तर एक ओळ घालायची. नरसव्वा अभिप्रायही द्यायची. "हे बेडकाचं नको बाई, हात जड होतो माझा." आणि खरंच, तिचा हात जड झालेलं गाणं वर्गातही पडायचं.

पाच महिने एकही कार्ड तक्रारीचं आलं नाही. उलट साहेबांनी विचारलं, 'स्टॉपवॉच घेतलंत काय?' मी लिहिलं, 'आहे. नरसव्वा नावाचं.' हे उत्तर मला फार आवडलं होतं. आता तेवढं आवडत नाही.

मग साहेबांचं पत्र आलं. सोलापूरचं म्हणून चादरीचं गाणं करा, तुमचीच मुलं घेऊन या, दोन मिनिटं, दहा दिवसांत रेकॉर्डिंग. मी गाणं केलं. कापूस, सूत, रंग, माग आणि शेवटी चादर. पहिली चार कडवी दोघादोघांनी म्हणायची, पाचवं एकट्या भूदेवीनं. भूदेवी वर्गात सगळ्यात बुटकी आणि बोलायला कंजूष, पण आवाज सरळ लागायचा, सुईत दोरा ओवल्यासारखा. तिचं कडवं असं होतं :

चादर गेली लांब गावा,
तिथल्या मुला, निरोप घ्यावा :
ऊब लागली, झोप आली,
कांडी माझ्या अम्मानं भरली.

मोजायला ओट्यावर गेले. त्या दिवशी नरसव्वापुढे नेहमीच्या लाल-हिरव्या लडींऐवजी जांभळ्या लडी होत्या. मी रंग बघितला आणि पुढं गेले. गाणं म्हटलं. पाचही कडवी कांडीत अगदी बरोबर बसली. एरवी माझी चारच बसायची. मला वाटलं, चाल जलद झाली आहे. शेवटचं कडवं ऐकून नरसव्वाचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

"माजं नाव हाय की यात," ती म्हणाली.

"नाव कुठं आहे? अम्मा आहे."

"तेच की. हिची अम्मा दुसरी कोण हाय?"

तिनं ते गल्लीभर सांगितलं. भूदेवीला मुंबईला पाठवायला तिच्या नवऱ्याचा विरोध होता. पोरगी सात वर्षांची, एवढ्या लांब कशाला. नरसव्वानं त्याला सुनावलं, "तुझी चादर सगळीकडं जाती, कुणी विचारतंय का, कुणी भरली कांडी? पोरगी सांगून येईल." आणि भूदेवी आली.

स्टुडिओत सकाळी तालीम झाली. मुलं कार्डबोर्डच्या मागापुढे उभी राहून झकास गायली. साहेब आले, स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं.

"बाई, दोन चाळीस."

"शक्य नाही."

"मीही तेच म्हणालो असतो. पण काटा म्हणतोय."

कार्यक्रम एका दमात टेपवर घ्यायचा असे. मागाहून तुकडा काढायची सोय आम्हाला नव्हती. स्टुडिओच्या दाराशी पुढच्या कार्यक्रमाची माणसं तबले घेऊन उभी होती. मी जलद गाऊन घेतलं. मुलांना धाप लागली, शब्द गिळले. मी म्हटलं, मधलं रंगाचं कडवं काढते. साहेब म्हणाले, "मधल्या कडव्यांवर कॅमेरे नेमून झालेत. एक रंगाच्या भांड्यावर, एक मागावर. सगळं परत बांधायला अर्धा तास हवा, तो नाही. शेवटचं नुसतं त्या मुलीवर आहे. ते काढलं तर काही हलवायला लागत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला मुलगी दिसतेय बाई. पण तीन मिनिटांत सांगा."

माणूस वाईट नव्हता. मला राग काढायला कुणीच नव्हतं.

मी भूदेवीकडे गेले. असल्या गोष्टी गोड बोलून सांगू नयेत, मुलांना आणखी संशय येतो.

"भूदेवी, गाणं लांब झालंय. तुझं कडवं काढायचंय. तू सगळ्यांबरोबर ध्रुवपद म्हण."

"सगळं काढायचं?"

"हो."

"अम्माचं पण?"

"ते सगळं एकच आहे ना."

तिनं मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. लाल दिवा लागला. ध्रुवपद तिनं नीट म्हटलं, हसायचं तिथं हसलीसुद्धा. चार कडवी झाली, माकड आलं, संपलं. साहेबांनी दुरून अंगठा वर केला.

पहिलं कडवं भूदेवीला देऊन टाकता आलं असतं. ते म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाला मागे घ्यायचं, एवढंच. कॅमेऱ्याला काही फरक पडला नसता. हे मला परतीच्या गाडीत, कुर्डुवाडी आल्यावर सुचलं. त्याच सुमाराला भूदेवी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "बाई, अम्माला सांगू नका."

"का?"

"तिनं सगळ्यांला सांगितलंय."

सोलापूर आलं. स्टेशनवर नरसव्वा आली होती, केसांत अबोली माळून. "कशी म्हटली?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "छान म्हटली." ध्रुवपद छानच म्हटलं होतं. तेवढ्यावर मी भागवलं. नरसव्वा बघणार कुठून होती? सोलापुरात टीव्हीच नाही. इतके दिवस जी गोष्ट मला अडचण वाटायची, तिचा त्या दिवशी मला आधार वाटला.

चादरीचं गाणं लोकांना आवडलं. पुष्कळ पत्रं आली म्हणे, म्हणून साहेबांनी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत परत दाखवलं. आणि त्याच सुट्टीत नरसव्वा बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती.

जूनमध्ये शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी ती दारात उभी. मधल्या सुट्टीची वेळ. भूदेवी तिच्या मागं, पदर धरून.

"बाई, घरी या. कांडी बघायला."

"नवं गाणं नाहीये अजून."

"जुनंच म्हणा की."

मी गेले. वाटेत ती एवढंच बोलली, की बहिणीच्या घरमालकाकडे टीव्ही आहे, दारात गल्लीतली पोरं बसतात, तीही बसली होती. "पोरांला म्हटलं, गप बसा, आता माजी पोरगी येईल. मग ते माकड आलं."

ओट्यावर तिनं दोन लडी काढून ठेवल्या होत्या. एक लाल, एक जांभळी. आधी लाल लावली. "म्हणा." मी चादरीचं गाणं सुरू केलं. चौथं कडवं संपलं आणि कांडी भरली. तिनं ती काढून बाजूला ठेवली, जांभळी लावली. "म्हणा." मी परत म्हटलं. पाचवं कडवं पूर्ण झालं, 'कांडी माझ्या अम्मानं भरली', तेव्हा कुठे रहाट थांबला.

"लाल हाय ते चादरीचं. जाड," नरसव्वा म्हणाली. "हे साडीचं. बारीक. बारीक सूत लई गुंडाळावं लागतंय, तवा कांडी भरती. त्या आठवड्यात चादरीचं काम नव्हतं, मालकानं साडीचं दिलं होतं. तुमी विचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. मला काय म्हाईत, तुमच्या गाण्याला सूत लागतंय!"

मी दोन्ही लडी हातात घेतल्या. बावीस वर्षं विणकरांच्या वस्तीत शिकवतेय. जाड सूत आणि बारीक सूत माझ्या पहिलीतल्या कुठल्याही मुलानं डोळे मिटून ओळखलं असतं. मी जांभळा रंग बघितला होता. आणि गाणं मोजायला गेले त्या रविवारी ह्यांचं घड्याळ घरात खुंटीवर होतं, मी ते घेतलं नव्हतं. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे ना, या गुर्मीत.

"चूक माझी," मी म्हटलं.

"सुताची चूक निम्मी माजी. ते जाऊ द्या." तिनं भूदेवीला पुढं ओढलं. "ही खोटं बोलली. 'माजं कडवं मी म्हटलं' असं सांगत हिंडली, चार महिने. हिला मी रागावली. आता तुमाला कशी रागावू? तुमी बाई हाय."

"रागवा की," मी म्हटलं.

"रागावलीच की. आणि काय करू?"

तिनं चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. माफी मागायला मला जमत नाही, शिक्षकाच्या नोकरीत ती सवय राहत नाही. पण त्या दिवशी भूदेवीला समोर बसवून मी म्हटलं, की तू खोटं बोललीस ते माझ्यामुळे, स्टेशनवर खरं मी सांगायला हवं होतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवल्यावर म्हणाली, "बरं."

ते कडवं टीव्हीवर कधीच गेलं नाही. साहेबांना मी लिहिलं होतं. त्यांनी उत्तर दिलं की तेच गाणं तिसऱ्यांदा दाखवता येणार नाही, पण त्या मुलीला पुढच्या खेपेला आणा. ती पुढची खेप हिवाळ्यात आली. गाणं बाजाराचं होतं, मंगळवारच्या बाजारातल्या भाज्या एकमेकींशी भांडतात असं. मोजायला ओट्यावर गेले. नरसव्वानं रहाटाला हात लावला नाही. आधी लड माझ्या नाकापुढे धरली.

"बघा. काय हाय?"

"जाड."

"हात लावून सांगा."

मी हात लावला. "जाड."

"आता म्हणा."

पहिलं कडवं मिरचीचं होतं, तिखट, आणि ते एकट्या भूदेवीचं होतं. शेवटचं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. तेव्हापासून माझी गाणी मी अशीच बांधते. कापणारा हात नेहमी शेवटाकडून येतो, म्हणून शेवटाला मी एकटं मूल उभं करत नाही.

मुंबईला गाणं बरोबर दोन मिनिटांचं भरलं. साहेबांनी काटा दाखवला आणि म्हणाले, "नरसव्वाबाईंना नमस्कार सांगा." आणि मग त्या दिवशी आजोबांची गोष्टच लांबली. साहेब माझ्याकडे आले, मला त्यांचा चेहरा लांबूनच कळला. शेवटचं कडवं गेलं. भूदेवीची मिरची मात्र भांडली, आणि कॅमेरा पूर्ण वेळ तिच्यावर होता.

परत आलो तेव्हा नरसव्वा स्टेशनवर उभी होती. तिनं भूदेवीला काही विचारलं नाही. मलाच विचारलं.

"कापलं का?"

"कापलं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं मिळून होतं ते."

"मग चालतंय की," ती म्हणाली, आणि पोरीच्या हातातली पिशवी घेऊन चालायला लागली.